दुसऱ्याने उघडलेला चाकू

चाकू कानाशी धरून ऐकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. दर शुक्रवारी, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी, ताटातला भात निवत असताना.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावाकडे त्यांची माणसं आहेत, आणि चारचौघांत नाव आलेलं त्यांना स्वतःलाही आवडलं नसतं. तसंही खफजीत त्यांना नावाने कोण ओळखत होतं? कंपनीच्या वर्कशॉपात ते टूलरूमवाले, कॅम्पातल्या इतर हिंदुस्थानी लोकांत चाकूवाले चाचा, आणि आमच्या घरात भाऊजी. सख्खे दीर नव्हेत. आमचे हे त्याच वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होते, ओळख काय ती तेवढीच. पण परमुलुखात पहिल्या शुक्रवारी जो माणूस मासळी घेऊन दारात येतो आणि जेवल्याशिवाय जात नाही, तो दुसऱ्या शुक्रवारी आपोआप भाऊजी होतो.

खफजी म्हणजे सौदीचं अगदी वरचं टोक. आणखी थोडं पुढे गेलं की कुवेत. एका अंगाला समुद्र, त्यात तेलाच्या विहिरी, दुसऱ्या अंगाला वाळू. आम्हा मराठी कुटुंबांची तीन बिऱ्हाडं. बाकी मराठी माणसं होती, पण ती भाऊजींसारखी, एकेकटी. कोणी राजापूरचा, कोणी दापोलीचा, कोणी कराडकडचा. एका खोलीत चार-चार खाटा टाकून कॅम्पात राहणारी. बायकामुलं गावी, आणि वर्षा-दोन वर्षांनी एकदा सुट्टी.

तर पहिल्या शुक्रवारी ते हमूर घेऊन आले. मासा ओट्यावर ठेवला आणि नमस्कार-चमत्कार सोडून मला विचारलं, “वैनी, लिंबू कशाने कापता?”

मी माझी सुरी दाखवली. त्यांनी ती डॉक्टर जीभ बघतो तशी बघितली. अंगठा धारेवर आडवा फिरवला. म्हणाले, “याने लिंबू कापत नाय, लिंबाचा छळ होतो.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू? नवऱ्याच्या ओळखीचा माणूस पहिल्यांदा घरात येतो आणि माझ्या सुरीला नावं ठेवतो. पण त्यांनी उजव्या खिशात हात घातला आणि बोटाएवढा लांब, पिवळ्या मुठीचा, मिटलेला चाकू काढला. नखाने पातं उघडलं. टक् असा आवाज झाला. लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि त्यातली एकही बी कापली गेली नव्हती. ते त्यांना कसं जमायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्यांनी तो चाकू पुसला, मिटला, परत उघडला आणि कानाशी धरून पुन्हा मिटला. “ऐकलंत? बोलतो.”

चाकू बोलतो हे त्यांना एका अमेरिकन म्हाताऱ्याने शिकवलं होतं. रिगवरचा ड्रिलर. टेक्सासचा. त्याच्याबद्दल पुढे सांगणारच आहे. तो म्हणायचा की घडीच्या चाकूची पारख दोन गोष्टींवरून करावी, चालतो कसा आणि बोलतो कसा. उघडताना आतली पट्टी किती सरळ चालते आणि पातं जागेवर बसताना कसा आवाज देतं. भाऊजींच्या कानात हे असं काही बसलं होतं की त्यांच्या डब्यातला कुठलाही चाकू त्यांच्या पाठीमागे उघडा, ते न बघता सांगायचे. हा काळ्या मुठीचा, हा हाडाच्या मुठीचा, हा त्या जाड्याकडून घेतलेला. आमच्या ह्यांनी कितीदा परीक्षा घेतली. एकदाही चुकले नाहीत.

डबा म्हणजे बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा. त्यात एकोणीस चाकू, प्रत्येक जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. सगळे अमेरिकेचे, सगळे जुन्या पद्धतीचे. पोलादी पाती, पितळी अस्तर, दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या, आणि मूठ बहुधा हाडाची, चरे पाडून रंगवलेली. रिगवरचे अमेरिकन काम संपवून घरी जायला निघाले की भाऊजी त्यांच्याभोवती घुटमळायचे. कोणाचा रेडिओ दुरुस्त करून दे, कोणाच्या खोलीचं कुलूप बसवून दे, आणि बदल्यात त्याच्या खिशातला चाकू. एक तर माझ्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर आलेला होता. माझी बरणी गेली आणि मला नंतर कळलं.

“अहो, पण अमेरिकेचेच का?” मी एकदा विचारलं. “आपल्या गावचा लोहार काय वाईट कोयता करतो?”

“नाय, वाईट कशाला करील? उलट म्हणून तर,” ते म्हणाले. “आमचा लोहार कोयता करताना विचारायचा, डावरा का उजवा? कोणाच्या हातात जाणार ते त्याला ठाऊक असायचं. ह्या चाकवांत तसंच वाटतं बघा. दोन घ्या एकाच जातीचे. मूठ सारखी नसते. कोणीतरी एकेक हातात धरून बसवलाय.” आणि मग जरा थांबून, “बाकी सगळं इथे डब्यातून येतं, वैनी. आपण धरून.”

तीन पात्यांच्या चाकूतल्या पात्यांना त्यांनी नावं ठेवली होती. थोरली जाऊ, मधली जाऊ, धाकटी जाऊ. थोरलीने दोर कापायचा, मधलीने फळ, आणि धाकटीला हात लावायचा नाही, तिला अडीअडचणीसाठी राखायची. “तिघी एका घरात राहतात, पण एकमेकींना घासत नाहीत. कारागिराचं कसब ते.” एकदा कॅम्पातल्या कोणी हौसेने लाल मुठीचा चाकू आणून दाखवला. त्यात कात्री, पेचकस, बाटली उघडायचं, दात कोरायचं, सगळं होतं. भाऊजींनी हातात घेतला, वजन बघितलं, परत दिला. “हा चाकू नाय, हे दुकान आहे.”

पात्यांना तेल मात्र खोबरेल. गावाहून आलेलं. पोलाद गंजू नये म्हणून दर शुक्रवारी जेवण झालं की माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि एकेक चाकू काढून कापसाने तेल लावत बसायचं. माझ्या घराला शुक्रवारी दुपारी न्हाणीघराचा वास यायचा. म्हातारा अमेरिकन आधी हसला होता म्हणे, खोबरेलावर. मग त्याने स्वतःच एक बाटली मागून नेली.

आता नियमांकडे येते, कारण सगळं रामायण त्यातून झालं.

भाऊजींचा एक नियम गावचा होता. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. ठेवायची, समोरच्याने उचलायची. हे आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. पण भाऊजी मानत होते ते नुसतं ऐकून नव्हे. त्यांचा धाकटा भाऊ आणि ते एका फणसावरून बोलेनासे झाले होते. आणि ते म्हणायचे की त्या दिवशी सकाळी भावाने मला कोयता हातात दिला होता, मी घेतला, माझी चूक.

दुसरा नियम म्हाताऱ्या अमेरिकनाकडून आलेला. दुसऱ्याने उघडलेला चाकू आपण मिटायचा नाही. ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. उघडा दिला तर वापरून उघडाच परत ठेवायचा. नाहीतर दोघांतलं काहीतरी तुटतं.

म्हणजे अमेरिकेची समजूत आणि भाऊजींच्या राजापूरची समजूत, दोन्ही एकाच खिशात. त्यामुळे आमच्याकडे साधं लिंबू कापायचं म्हणजे एक सोहळा. ते चाकू उघडणार, टेबलावर मूठ माझ्याकडे करून ठेवणार. मी उचलायचा, कापायचं, पुसून उघडाच त्यांच्यासमोर ठेवायचा. मग ते मिटणार. माझी मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. शेजारच्या पोरांमुळे हिंदी बोलायची. ती ओरडायची, “मम्मा, चाकू बंद करो ना.” मी म्हणायची, काका करतील. आणि काका हात धुऊन येईपर्यंत तिला मांडीवर धरून बसायची. आमचे हे चिडवायचे, “एक दिवस भाऊजी चाकू उघडा ठेवून मुंबईच्या विमानात बसतील, आणि तू इथे राखण करत बसशील.”

चेष्टेत बोललेलं फार वेळा खरं होतं. मी बघितलंय.

ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. तिकडून गाड्यांच्या रांगा येऊ लागल्या, गाड्यांच्या टपावर गाद्या, पंखे, एकीवर तर शिवणयंत्र. रिगवरच्या अमेरिकनांना कंपनीने एका सकाळी सांगितलं, तासाभरात निघा. म्हातारा तेव्हा टूलरूमच्या काउंटरशी उभा राहून संत्रं सोलत होता. अर्धं संत्रं तसंच राहिलं. त्याने हातातला चाकू पुसला, उघडाच काउंटरवरून भाऊजींकडे सरकवला आणि म्हणाला, “परत येऊन मीच मिटीन.”

तो चाकू मी नीट पाहिलेला आहे. तांबूस हाडाची मूठ, धरून धरून चरे गुळगुळीत झालेले. पातं निळसर-करडं, इतकं झिजलेलं की मूळचं निम्मं राहिलं असेल. म्हाताऱ्याच्या बापाचा होता.

कॅम्पातल्या खोलीत चार माणसं, उघडा चाकू ठेवणार कुठे? भाऊजींनी बुटांच्या खोक्यात कापूस घातला, त्यावर चाकू, वर टॉवेल, आणि खोका आणून आमच्या कपाटाच्या वर ठेवला. “वैनी, राहू दे इथे. तो येईपर्यंत.”

“आणि नाही आला तर?”

“चाकू उघडा आहे म्हणजे येणार,” ते म्हणाले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

पाच महिने तो खोका माझ्या कपाटावर होता. मी त्याच्या भोवतीने धूळ पुसायची. दर शुक्रवारी भाऊजी तो उतरवायचे, तेल लावायचे, परत ठेवायचे. त्या दिवसांत अर्धं खफजी रिकामं झालं. कॅम्पातली पोरं कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाच्या, हातापाया पडून पासपोर्ट मिळवून गेली. भाऊजींना दोनदा जायची संधी आली होती. गेले नाहीत. आम्ही राहिलो कारण ह्यांना कंपनी सोडत नव्हती आणि ह्यांना सोडून जायला माझा पाय निघत नव्हता. आणि भाऊजी का राहिले, तर म्हातारा परत येऊन टूलरूमच्या काउंटरशी उभा राहिला आणि तिथे दुसराच कोणी असला तर? तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. पण त्या माणसाने भाऊ गमावला होता. आता जगात त्याचा म्हणण्यासारखा दोस्त एकच होता, आणि त्या दोस्ताचा धागा माझ्या कपाटावर बुटांच्या खोक्यात होता.

जानेवारीत लढाई सुरू झाली त्याच दिवशी सकाळी खफजीवर गोळे पडले. तेलाची एक टाकी पेटली. काळा धूर समुद्राकडे वाकडा होऊन चालला होता. हे धावत वर आले, म्हणाले, पाच मिनिटं. पाच मिनिटांत बाईमाणूस काय काय उचलते ते आता आठवलं की नवल वाटतं. मी इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, घेतले, मुलीचा स्वेटर घेतला, शिजत असलेला भात पातेल्यासकट घेतला, आणि मंगळसूत्राची डबी विसरले. खोका मात्र विसरले नाही.

गाडीत हे चालवायला, शेजारी भाऊजी, त्यांच्या पायाशी चाकूंचा डबा. मागे मी, मुलगी आणि भात. खोका मागच्या काचेखालच्या फळीवर, माझ्या डोक्यामागे.

दम्मामच्या रस्त्यावर पुढे नाका लागला. वाळूची पोती, दोन ट्रक, हातात बंदुका घेतलेली पोरगेलीशी शिपाई मंडळी. सीमेपलीकडून माणसं घुसतात अशी अफवा होती, म्हणून प्रत्येक गाडी उतरवून बघत होते. आमच्यापुढे दोन गाड्या सोडून एका माणसाला त्यांनी बाहेर काढून हात वर करायला लावले होते. त्याची बायको गाडीत बसून रडत होती. काय सापडलं होतं कोण जाणे. एक शिपाई त्याच्या सामानातून कपड्यांत गुंडाळलेलं काहीतरी उलगडत होता, आणि मला दिसलं की साधी गाठही त्याला सुटत नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक फार वाईट.

माझ्या डोक्यामागे टॉवेलात गुंडाळलेला उघडा चाकू होता.

मी फार विचार केला असं नाही. भाऊजी पुढे बघत होते. मी हात मागे नेला, खोका मांडीवर घेतला, टॉवेल उलगडला. थंडीचे दिवस, खोबरेल गोठलं होतं, आणि पाच महिने उघडा राहिलेला चाकू मिटेना. मी गुडघ्यावर धरून दाबला. तरी नाही. मग अंगचं सगळं बळ लावलं, आणि तो एकदम मिटला.

टक्.

गाडीत दुसरा आवाज नव्हता. इंजिन ह्यांनी बंद केलं होतं. भाऊजींची मान माझ्यासमोर होती. ती हलली नाही. फक्त कानाच्या मागची शीर जरा वर आली. डब्यातला कुठला चाकू बोलला हे न बघता सांगणारा माणूस तो. कळायचं काय राहिलं होतं?

मी मिटलेला चाकू भाताच्या पातेल्यात खुपसला आणि झाकण लावलं.

आमची पाळी आली. शिपाई विशीतला. इकामे बघितले, डबा बघितला, उघड म्हणाला. भाऊजींनी झाकण काढलं. एकोणीस गाठोडी. शिपायाने एक उलगडलं, दुसरं उलगडलं, आणि मागे सरून दुसऱ्याला हाक मारली. ह्यांच्या कपाळावर घाम. भाऊजी मात्र शांतपणे सांगत होते, “शुगल, शुगल.” काम, काम. शिपायाने काळ्या मुठीचा एक उचलला, पातं उघडलं, अंगठा धारेवर फिरवला.

“अमरीकी?”

“अमरीकी.”

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. शेवटी तोही पोरगाच. त्याने चाकू उघडाच भाऊजींसमोर धरला. आणि भाऊजी तो घेईनात. त्यांनी डब्याच्या झाकणाकडे बोट केलं, तिथे ठेव. त्याने ठेवला. तरी भाऊजी हात लावीनात. “इंता,” म्हणाले. तू. आणि हाताने मिटायची खूण केली. मागे गाड्यांची रांग, आकाशात धूर, समोर बंदूक, आणि हे शिपायाला सांगतायत की तू उघडलास, तूच मिट.

हे दातांत म्हणाले, “भाऊजी, मिटा तो.”

“नाय,” भाऊजी म्हणाले. “त्याचं-माझं काय वाकडं आहे?”

शिपायाने त्यांच्याकडे बघितलं, चाकूकडे बघितलं, आणि हसत मिटला. “यल्ला,” म्हणाला. चला, निघा. भाताचं झाकण कोणी उघडलं नाही.

म्हणजे बघा, उघडा चाकू खोक्यात तसाच असता तर? त्या शिपायाने कदाचित तोही बघून सोडलं असतं. कदाचित नसतं. ह्यांना हात वर करून उभं केलं असतं. मला आजही सांगता येत नाही. आणि ज्याचं उत्तर सांगता येत नाही, ते मनातून जातही नाही.

आम्ही दम्मामला न थांबता हुफूफला गेलो. तिथे ह्यांच्या ओळखीच्या एका सुताराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, खजुराच्या बागेला लागून. दीड-दोन महिने काढले. खिडक्यांना चिकटपट्ट्या, रेडिओला कान. भाऊजी आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत. मी चाकू धुऊन, पुसून, मिटलेलाच त्यांच्या उशाशी ठेवला होता. तो त्यांनी डब्यात घातला. बोलणं-चालणं सगळं नीट. पोरीला घोडा करायचे, पाणी भरून आणायचे. पण शुक्रवारी लिंबू आलं की त्यांचा हात खिशाकडे जाईना. चिकटपट्टीसुद्धा दातांनी तोडायचे. मी बाजारातून नवी सुरी घेतली होती, तीही जुनीसारखीच बोथट, तिने लिंबू चिरडत बसायची. यापेक्षा भांडले असते तर बरं.

एकदा मला दुष्ट बुद्धी झाली. म्हटलं, ते बाहेर गेलेत तोवर चाकू उघडून ठेवावा, होता तसा. डबा उघडला, चाकू हातात घेतला, आणि माझीच मला लाज वाटली. चाकू उघडता येईल. तो आवाज परत कसा घेणार?

त्याच दुपारी ते बागेच्या कडेला बसले होते तिथे गेले. “भाऊजी, मी मिटला.”

“ठाऊक आहे, वैनी.”

“मग बोलला का नाहीत? चार शब्द सुनवायचे होते.”

“काय बोलू? गाडीत पोर होती.” पायाखालची खजुराची बी त्यांनी उचलली, बोटांत फिरवली. “तुमचं चुकलं नाय. मीच तो वेळेवर मिटायला हवा होता. माझ्याच्याने झालं नसतं, एवढंच.” मग ती बी वाळूत टाकून, “पण तो आता नाय येणार.”

मी त्यांना काय समजावणार? मी सातवी शिकलेली बाई. पण नवसाला, दृष्टीला, मांजर आडवं जाण्याला मी आयुष्यभर मानत आले. मलाही मनातून तेच वाटत होतं. आपल्या हातून एका माणसाचा दोस्त गेला.

लढाई संपली. खफजीला परतलो तेव्हा आमच्या जिन्याची एक भिंत पडलेली होती, घरात वाळूचे ढीग. मंगळसूत्राची डबी मात्र फळीवर होती तशी. टूलरूम उघडली. पहिला महिना गेला, दुसरा गेला. रिगवर नवे अमेरिकन आले. भाऊजींनी त्यांच्यातल्या एकाच्याही चाकूकडे बघितलं नाही.

आणि मग एके दिवशी हे जेवायच्या सुट्टीत घरी आले ते चप्पल न काढताच सांगू लागले. म्हातारा आला. काउंटरशी उभा राहिला, नऊ महिन्यांपूर्वी नव्हे, कालच गेल्यासारखा, आणि हात पुढे केला. भाऊजींनी डब्यातून चाकू काढून समोर ठेवला. मिटलेला. म्हाताऱ्याने बघितलं.

“कोणी मिटला?”

“मी,” भाऊजी म्हणाले.

म्हातारा म्हणाला, “तू नाहीस मिटलास. तू मिटला असतास तर मला तोंड दाखवायला इथे थांबला नसतास.”

तेव्हा भाऊजींनी सगळं सांगितलं. नाका, शिपाई, पोर, वहिनी. मोडक्या इंग्रजीत, खाली मान घालून. हे शेजारीच उभे होते म्हणून मला कळलं, भाऊजी स्वतः कधी सांगते ना. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग चाकू खिशात टाकला आणि म्हणाला, “घरच्या बाईने ना? माझी बायको चाळीस वर्षं माझे चाकू मिटत आली. मी उघडे टाकतो, ती मिटते. तिला कधी काही झालं नाही, मलाही नाही.” आणि मग विचारलं, “खोबरेल आहे का रे?”

त्या शुक्रवारी भाऊजी हमूर घेऊन आले. जेवायला बसलो. मी सवयीने माझी सुरी घेतली, तर त्यांनी हाताने थांबवलं. उजव्या खिशातून पिवळ्या मुठीचा चाकू काढला, उघडला, लिंबाच्या दोन फोडी केल्या, बी न कापता. पुसला. मूठ माझ्याकडे करून टेबलावर सरकवला.

मी म्हटलं, “फोडी तर झाल्या. आता काय कापू?”

“कापायचं नाय,” ते म्हणाले. “मिटा.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटाकडे बघत होते. मी चाकू उचलला आणि मिटला. भाऊजींनी कान जरा कलता केला, ऐकलं, आणि भातावर आमटी घेतली. त्या शुक्रवारपासून आम्ही खफजी सोडेपर्यंत चाकू उघडायचे ते आणि मिटायची मी. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भाऊजी जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा तो धाकटा भाऊ, न बोलणारा, तो स्वतः गाडी बदलत-बदलत आमच्या घरी आला होता. तोंडावळा तोच. म्हणाला, डबा आमच्याकडे आहे, पण हा एवढा तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. आणि पिवळ्या मुठीचा चाकू त्याने माझ्या हातात दिला नाही, टीपॉयवर ठेवला. त्यावरून मला कळलं की शेवटी दोघं बोलायला लागले होते.

त्या चाकूने मी अजून लिंबू कापते. बी कापली जाते, त्याला इलाज नाही. उघडते मी आणि मिटतेही मीच. भाऊजींच्या नियमाने बघितलं तर आता सगळं अगदी बरोबर चाललंय. तरी मिटायच्या आधी, लिंबू पिळून होईपर्यंत, मी तो पुसून टेबलावर समोरच्या खुर्चीकडे सरकवून ठेवते. मूठ त्या बाजूला करून.